पवनीचे भाऊबंद आणि दोन डीएनए किट

रेशीमबागेतल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचं माहेरचं आडनाव पौनीकर. पणजोबा १९१० च्या आसपास हातमाग सोडून नागपूरला आले आणि एम्प्रेस मिलमध्ये लागले. त्यांचा एक भाऊ मागेच राहिला, एवढंच घरात ठाऊक आहे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला एक घर आहे, ते म्हणतं आम्ही तुमचेच भाऊबंद, पण त्यांचं आडनाव वेगळं. ताईंचे दीर न्यू जर्सीहून दोन डीएनए किट आणणार आहेत. घरात ८८ वर्षांची आजी आहे (वडिलांची आई), ७१ वर्षांचे मोठेबाबा (वडिलांचे मोठे भाऊ) आहेत, शिवाय ताई आणि त्यांचा भाऊ. किट कोणी वापरायचं, मूळ गाव कळेल का, पवनीचं नातं सिद्ध होईल का आणि भावाच्या मुलीच्या जात पडताळणीत हा रिपोर्ट चालेल का, असे चार प्रश्न आहेत.

शेवटचा आधी उरकतो, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. नाही. पडताळणी समितीला कागद लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी, विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा. जात डीएनएमध्ये लिहिलेली नसते. कोणी तसा रिपोर्ट विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

आता गाव. ताई, तुमचं गाव तुमच्या आडनावातच आहे आणि त्यासाठी किटच्या नळीत थुंकायची गरज नाही. पण त्यातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पवनीत राहणाऱ्याला पवनीत कोणी पौनीकर म्हणत नाही. हे नाव गाव सोडल्यावर लागतं. नागपुरात वस्तीने लावलं असेल नाहीतर मिलच्या हजेरीपटावर कारकुनाने. म्हणून मागे राहिलेल्या भावाच्या वंशात पौनीकर सापडणार नाहीत. पवनीच्या घराचं आडनाव वेगळं आहे ही तुम्हाला शंकेची गोष्ट वाटते, मला ती उलट त्यांच्या बाजूची वाटते. पुरावा म्हणत नाही, पण त्यांना दारातून परत पाठवू नका.

मी गेली पंचवीसेक वर्षं वंशावळी जुळवून देतो. सुरुवात या पडताळणीच्या कामातूनच झाली, नागपुरात बहुतेकांची तशीच होते. डीएनए किट हातात आलं ते गेल्या आठ-नऊ वर्षांत. तेव्हा मलाही वाटलं होतं की आता तहसीलच्या फेऱ्या संपल्या. संपल्या नाहीत. उलट आता कोणता कागद शोधायचा हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर रिपोर्टाचा अर्थच लागत नाही.

किट नेमकं काय सांगतं, ते तुमच्याच घरावर मांडून दाखवतो.

आपल्याला निम्मा डीएनए आईकडून आणि निम्मा वडिलांकडून मिळतो, आणि प्रत्येक पिढीत तो नव्याने पिसला जातो. दोन माणसांमध्ये सारखा असलेला भाग सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. आईबाप आणि मूल यांच्यात तो सुमारे ३,५०० असतो. सख्ख्या चुलत किंवा मावस भावंडांत सरासरी ८६० च्या आसपास. त्यापुढे वेगाने घसरतो. तुमचे पणजोबा आणि मागे राहिलेला भाऊ सख्खे होते असं धरा. मग मोठेबाबा आणि त्या भावाचा नातू एका पिढीचे झाले, दोघांचे आजे सख्खे भाऊ. अशा जोडीत सरासरी २३० सेंटिमॉर्गन निघतात, कमीत कमी चाळीसेक, जास्तीत जास्त सहाशेच्या जवळ. तुम्ही आणि त्यांच्याकडची तुमच्या पिढीची व्यक्ती घेतली तर सरासरी सत्तरच्या घरात येते. त्यातही साधारण दहातल्या एका जोडीत काहीच जुळत नाही, नातं खरं असूनही.

म्हणून तुम्ही आणि तुमच्या भावाने किट वापरू नका. घरातली सगळ्यात वरची पिढी आधी. नव्वद टक्के लोक उलटं करतात. किट मागवणारा तरुण असतो, तोच नळीत थुंकतो, आणि आजोबा खुर्चीवर बसून बघत असतात.

पहिलं किट मोठेबाबांना. दुसरं आजीला. इथे तुम्ही म्हणाल, आजी तर बाहेरून आलेली, पवनीच्या रक्ताशी तिचा काय संबंध? संबंध नाही म्हणूनच. ज्यांचा डीएनए जुळतो त्यांची यादी कंपनी देते. मोठेबाबांच्या यादीत जी नावं येतील, त्यातली जी आजीच्याही यादीत आहेत ती तिच्याकडून आली असण्याची शक्यता. जी आजीकडे नाहीतच ती आजोबांच्या बाजूची. एका किटने अर्धी यादी बाजूला होते. आणि आजीचा नमुना पुढच्या वर्षी घेऊ म्हणून ठेवायचा नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण एक विचारून घ्या. आजी ही आजोबांच्या मामाची मुलगी तर नाही ना? त्या पिढीत आपल्याकडे हे इतकं सरसकट होतं की मी प्रत्येक घरात पहिला प्रश्न हाच विचारतो. तसं असेल तर मोठेबाबांना आठऐवजी सहाच पणजी-पणजोबा झाले, दोघांची घरं दोनदा मोजली जातात. मग त्या मामाच्या घराण्यातले लोक आजीच्याही यादीत दिसतील आणि आजोबांकडूनही आलेले असतील. तुमचं काम मात्र त्याने अडत नाही. तुम्हाला आजोबांच्या वडिलांची बाजू हवी आहे, आणि आजीशी न जुळणारी नावं अजूनही आजोबांचीच राहतात.

यावरून माझी एक चूक सांगतो. उमरेडकडच्या दोन घरांचं काम होतं. दोन म्हाताऱ्यांची तपासणी केली, ऐंशीच्या वर सेंटिमॉर्गन आले. कंपनीच्या पानावर नातं छापून आलं होतं, मीही मान डोलावली आणि दोन्ही घरांना सांगितलं की तुमचे पणजोबा एक. पेढे वाटले गेले. पुढे सहा महिन्यांनी त्याच गावच्या तिसऱ्या माणसाचा नमुना आला, ज्याचा या दोघांशी कागदोपत्री काही संबंध नव्हता. त्याचेही दोघांशी साठ-सत्तर जुळले. मग मी जुळलेल्या डीएनएचे तुकडे उघडून बघितले, जे आधीच बघायला हवे होते. सगळे सात, आठ, नऊचे बारीक बारीक तुकडे, एकही वीसच्या वर नाही. पिढ्यानपिढ्या त्याच दहा-वीस गावांत सोयरीक होत राहिली की प्रत्येकाचं प्रत्येकाशी असं थोडं थोडं जुळतं. बेरीज मोठी दिसते, नातं जुनं असतं. जवळच्या नात्यात सहसा मोजके लांब तुकडे मिळतात, तीस, चाळीस, कधी त्याहून मोठे. आता मी बेरीज नंतर वाचतो, सगळ्यात लांब तुकडा आधी. त्या दोन घरांना परत जाऊन सांगावं लागलं. एकाने चहा दिला, दुसऱ्याने नाही.

कंपन्यांचं नात्याचं गणित मुख्यतः युरोपी वंशाच्या लोकांवर बसवलेलं आहे, ते आपल्या जातींतर्गत लग्नांना पुरं पडत नाही. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समूहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ८१ समूह असे निघाले की थोड्या पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा त्यांच्यात फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक होत्या. त्या ज्यूंच्या याद्या वाचणारे तज्ज्ञ छोट्या जुळण्या सरळ सोडून देतात. आपणही तेच करावं.

आणि तो रंगीत नकाशा, इतके टक्के अमुक प्रदेश, इतके टक्के तमुक. आपल्याला तो बहुधा ‘दक्षिण आशिया’ किंवा फार तर त्याचा एखादा मोठा तुकडा दाखवून थांबतो. वैनगंगेच्या काठापर्यंत तो येत नाही. कंपनीने संदर्भासाठी घेतलेले नमुने बदलले की टक्केही बदलतात, माणूस तोच. कोणी मला तो नकाशा दाखवून ‘आम्ही मूळचे शुद्ध अमुक’ म्हणालं की मी पुढचं काम घेत नाही. २०१३ च्या संशोधनाप्रमाणे साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या देशात सगळ्यांची सगळ्यांत भरपूर सरमिसळ झाली होती, लग्नाची कुंपणं त्यानंतरची.

आता पुरुषांची ओळ. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जवळजवळ जसंच्या तसं जातं. म्हणजे ढोबळमानाने ज्यांचं एकमेकांना दहा दिवसांचं सुतक लागतं त्या पुरुषांची ही ओळ, लग्न होऊन आलेल्या बायका वगळून. मोठेबाबा आणि पवनीच्या घरातले आजोबा दोघांची वाय तपासणी वेगळी करून घेता येते, त्यात ३७ किंवा जास्त खुणा जुळवून बघतात. ती साफ वेगळी निघाली तर सलग पुरुषओळ एक नाही, एवढं ठाम कळतं. जुळली तर ओळ एक आहे, पण पूर्वज तीन पिढ्यांमागे की आठ, हे त्यावरून सांगता येत नाही. नुसता मोठा गट एक निघाला, उदाहरणार्थ दोघांचा एच किंवा आर१ए, तर त्याला काहीच अर्थ नाही. त्या गटात कोट्यवधी लोक आहेत. तुम्हाला स्वतःला वाय नाही, तेव्हा ही तपासणी मोठेबाबांनी किंवा भावानेच करायची. आईकडून लेकीला जाणारी ओळही असते. आजीची ती ओळ मोठेबाबांपर्यंत आली, पण तुमच्यापर्यंत नाही, तुमच्यात तुमच्या आईची आहे.

वाय साफ वेगळी निघाली तर लगेच कोणाच्या पणजीवर संशय घेऊ नका. आपल्याकडे दत्तकाचा रिवाज केवढा होता ते आठवा. नागपूरच्या गादीचंच बघा ना. १८१८ मध्ये गादीवर बसवलेले तिसरे रघूजी हे दुसऱ्या रघूजींच्या मुलीचे पुत्र, जन्माने गुजर. ते १८५३ मध्ये वारसाशिवाय गेले आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. नाव भोसले, कुळधर्म भोसल्यांचा, वाय गुजरांचा. साध्या घरांतही भाचा, नातू, कधी घरजावई नाव पुढे नेतो, आणि दोन पिढ्यांत ते कोणाच्या लक्षातही राहत नाही.

हे सगळं करण्याआधी, किट विमानात असतानाच, कागदांना लागा. पवनीत नेमक्या कोणाचा नमुना घ्यायचा हे कागदच सांगतील.

आपल्या विदर्भात कोतवाल बुकाला तोड नाही. गावच्या कोतवालाने केलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, त्यात मुलाच्या बापाचं नाव आणि जात असते. तहसीलमध्ये नकलेचा अर्ज द्या. पवनीची जुनी दप्तरं भंडाऱ्यातही विचारून बघा. शेती किंवा घरजागा असेल तर बंदोबस्ताची मिसल (जमीन महसूल ठरवतानाची जुनी फाइल) आणि अधिकार अभिलेख. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. एक इशारा, या नोंदींत आडनाव बहुधा नसतंच. ‘लक्ष्मण वल्द गोविंदा’, म्हणजे गोविंदाचा मुलगा लक्ष्मण, एवढंच, पुढे जात. तुम्ही पौनीकर शोधत बसाल आणि तुमचे पणजोबा तुमच्या बोटाखालून निघून जातील. बापाचं नाव, जात आणि सुमाराचं साल या तिन्हींवरून शोधा.

घरातल्या वस्तूही काढा. आहेराच्या वहीला मी सरकारी कागदाच्या खालोखाल मान देतो. नागपूरच्या महाल भागातल्या एका घरी १९४० च्या दशकातल्या लग्नाची वही ट्रंकेच्या तळाशी निघाली. कडेला वाळवीने नक्षी केलेली, शाई तपकिरी पडलेली. एका पानावर गावाचं नाव, खाली ‘काका’ म्हणून एक नाव, एक रुपया आणि एक लुगडं. पुढच्या ओळींत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे चार-चार आणे. लुगडं देणारा परका नसतो. त्या एका ओळीवरून आम्ही गावात कोणाच्या दारात जायचं ते ठरवलं.

आणि आजीशी बोला, पण ‘आपलं मूळ गाव कोणतं’ असं विचारू नका. त्यावर ‘काय मालूम बाप्पा’ असं उत्तर येतं. सुतकाचं विचारा. तुम्ही नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा बाहेरगावच्या कोणाच्या मरणाचं सुतक घरात धरलं होतं का? पत्र कुठून यायचं, कोपरा फाटलेलं? कुलदेवीला नवस फेडायला सोबत कोण असायचं? आजीचं माहेर, तिच्या आईचं माहेर, तिच्या सासूचं माहेर, हे तिन्ही लिहून घ्या. आपल्या वंशावळीत बायकांच्या जागी ‘सौ.’ आणि सासरचं नाव असतं, मागचं सगळं कोरं. डीएनए मात्र त्यांचा अर्धा वाटा इमाने मोजतो. यादीत एखादं अनोळखी नाव येतं आणि त्या माणसाचं गाव तुमच्या पणजीच्या माहेराशी जुळतं. मला सगळ्यात समाधान देणारी कामं बहुतेक अशीच आहेत.

कागदांवरून पवनीचा माणूस ठरला की तिसरं किट त्याच कंपनीचं घ्या. त्या घरातला सगळ्यात वयस्क, शक्यतो मागे राहिलेल्या भावाचा नातू. कंपन्या वेगळ्या असल्या तर याद्या एकमेकांशी बोलत नाहीत. मग दोन्हींची कच्ची फाइल उतरवून जीईडीमॅचसारख्या संकेतस्थळावर चढवावी लागते. नुसतं किट करून कोणीतरी आपोआप सापडेल या भरवशावर राहू नका. या याद्यांत भारतातले लोक फार थोडे, जे आहेत त्यांत परदेशी गेलेल्यांची मुलंच जास्त. आपल्याला गळ टाकून बसायचं नाही, ठरलेल्या दारात जायचं आहे. दिरांना हेही विचारायला सांगा की ती कंपनी भारतातून परत पाठवलेला नमुना घेते का. सगळ्या घेत नाहीत.

त्या घरी जाताना किट पिशवीतून काढण्याआधी स्पष्ट बोला. रिपोर्ट कोणाच्या खात्यात राहील, नाव दिसेल की आद्याक्षरं, नको ते निघालं तर काय करायचं. शेतीचा वाद असेल तर तेही. काही घरांत ‘भाऊबंद’ शब्दाबरोबर हिस्सा आठवतो. घरच्या किटचा रिपोर्ट कोर्टात टिकण्याजोगा नसतो, कारण नळीत कोण थुंकलं याचा साक्षीदार नसतो. हे दोन्ही बाजूंना आधीच सांगितलं की चहा निवांत होतो. मी एका घरात सख्ख्या भावांची सावत्र भावंडं झालेली पाहिली आहेत, साठीनंतर. तेव्हापासून नमुना देणाऱ्याला मी एकट्याला बाजूला घेऊन विचारतो, आणि तो नाही म्हणाला तर किट परत पिशवीत जातं. आजीलाही विचारा, ‘म्हातारीला काय कळतं’ म्हणू नका.

डेटाची भीती अनाठायी नाही. ट्वेंटीथ्री अँड मी या मोठ्या कंपनीतून २०२३ मध्ये जवळपास ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. कॅलिफोर्नियातला जुना खुनी २०१८ मध्ये सापडला तो त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी जीईडीमॅचसारख्या ठिकाणी दिलेल्या डीएनएमुळे, त्याने स्वतः कधी काही दिलं नव्हतं. तुमचा नमुना म्हणजे थोडा थोडा सगळ्या भाऊबंदांचा नमुना. माझी पद्धत अशी की काम झालं की फाइल घरच्या पेन ड्राइव्हवर उतरवायची, पोलिसांना शोधू देण्याचा पर्याय घरच्यांना विचारून ठरवायचा आणि नमुना नष्ट करायला कंपनीला लिहायचं. आरोग्याचा भाग मी घेऊच नका म्हणतो. आपल्या भागात प्रश्न सिकलसेलचा आहे, त्याची रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात होते आणि ती या किटपेक्षा जास्त भरवशाची.

आता मोठेबाबा. तुम्ही लिहिलंय की ते दिवसाला तीन-चार खर्रे खातात. नमुना देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही असं किटवर छापलेलं असतं. ते खर्रा बघून छापलेलं नाही. सुपारी, चुना आणि तंबाखू गालात बसलेले असतात. माझ्याकडे एका काकाजींचा नमुना दोनदा बाद होऊन आला, नळीतलं पाणी विटकरी होतं. तिसऱ्यांदा पहाटे, उठल्या उठल्या, तीन-चार चुळा भरायला लावल्या, तासभर थांबलो आणि मग नमुना घेतला. त्यांची पत्नी पुडी पदराखाली धरून समोर बसली होती. आजीचं उलटं, त्या वयात तोंड कोरडं पडतं, नळी रेषेपर्यंत भरायला अर्धा तास लागतो. गाल बाहेरून हळूच चोळायचे, आणि चिंचेची गोष्ट काढायची. कापसाच्या काडीचं किट मिळालं तर आजीसाठी तेच घ्या.

दोघांचे नमुने एकाच सकाळी घेऊ नका. नळीचा क्रमांक खात्यात भरून त्याचा फोटो काढा, पाकीट चिकटवा, मग दुसरं उघडा. माझ्या टेबलावर एकदा सासू आणि सुनेच्या नळ्या बदलल्या होत्या, आणि रिपोर्ट आला तेव्हा मुलगा आपल्याच आईचा काही लागत नव्हता.